पॉवरचं नंतर बघू, आधी गाडी ढकलता येते का ते बघ

भाच्याला पुण्यात नोकरी लागली. दुसरा पगार झाला त्या रात्री फोन. "मामा, तुझ्यासारखीच मोठी बाइक घ्यायची म्हणतोय. काय काय तयारी ठेवू?" मी तेव्हा हप्ता, डाउन पेमेंट असं काहीतरी बोललो आणि फोन ठेवला. नंतर झोप येईना. कारण त्याने जे विचारलं होतं त्याचं उत्तर मी दिलंच नव्हतं. वर्षभरात हा प्रश्न विचारणारा तो चौथा, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की "त्यापेक्षा अमुक का नाही घेतली" सुरू होतं आणि मूळ विषय गोदावरीला अर्पण. साडेसहाशे सीसी, दोन सिलिंडर, ४७ बीएचपी एवढं पुरे. मी नाशिकच्या सातपूरला कंपनीत मेंटेनन्सला आहे. २०२२ च्या दसऱ्याला गाडी घेतली, आज रीडिंग ३१ हजारांवर आहे. त्याआधी वीस वर्षं शंभर सीसीवर काढली. म्हणजे आठ घोड्यांवरून एकदम सत्तेचाळीसवर.

या ३१ हजार किलोमीटरनंतर माझं मत एकच झालंय. मोठी गाडी घेतल्यावर सगळ्यात आधी कळतं ते हे, की आपल्याला गाडी चालवता येत नाही. वीस वर्षं आपण फक्त हँडल धरून बसलेलो होतो.

हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं. गंगापूर रोडला चहाच्या टपरीसमोरून गाडी वळवत होतो. वेग म्हणाल तर चालणाऱ्या माणसाइतका. हँडल पूर्ण वळलेलं, तेवढ्यात समोरून रिक्षा आली म्हणून पुढचा ब्रेक दाबला आणि डावा पाय टेकवला. पाय पडला बारीक खडीवर. खडी सरकली, पाय सरकला, गाडी डावीकडे कलली. शंभर सीसीची असती तर मांडीने सावरली असती. ही थांबत नाही हो. एका हद्दीपर्यंत कलली की पुढचं तिच्या मनावर. मी तिला अगदी सावकाश, सन्मानाने जमिनीवर झोपवली. चहावाल्याने गाळणी बाजूला ठेवली, चौघं धावून आले. आणि त्यातल्या एकाने, गाडी अजून आडवी असताना, मला विचारलं, "भाऊ, ॲव्हरेज किती देते?"

(२५ देते. आडवी असताना काहीच देत नाही.)

शंभर सीसीची आपली नेहमीची गाडी ११०-११२ किलोची असते. माझी दोनशेच्या वर. हा फरक पळताना कळतच नाही, उलट पळताना ती हलकी वाटते. कळतो तो पार्किंगमध्ये. रिव्हर्स गिअर नाही, त्यामुळे उताराला तोंड करून लावली की परत काढताना पायांनी रेटत मागे घ्यायची आणि घाम पुसायचा. पंचवटीत रामकुंडाकडे एकदा अशीच लावली होती. दोन फूलवाल्या मावश्यांनी मागून ओढून काढून दिली. पावसाळ्यात साइड स्टँड मातीत रुततो आणि आपण मिसळ खात असताना गाडी हळूहळू नमस्कार घालते. मी बॅगेत एक फरशीचा तुकडा ठेवतो, स्टँडखाली द्यायला. आणि पडलीच तर हँडलला धरून वर ओढू नका, कंबर जाते. गाडीकडे पाठ करायची, सीटला ढुंगण टेकवायचं, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला, आणि पायांच्या जोरावर एकेक पाऊल मागे सरकत उभी करायची. दुसऱ्या बाजूला पडू नये म्हणून साइड स्टँड आधीच काढता आला तर काढायचा. हे शोरूमच्या मजल्यावर कुणी शिकवत नाही. तिथे फक्त हार, नारळ आणि चाकाखाली लिंबू.

आता ब्रेक. यावर मी जरा जास्त लिहिणार.

माझ्या वडिलांनी मला गाडी शिकवली तेव्हा पहिला नियम होता, "पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, उलटशील." नाशिकमधल्या निम्म्या लोकांना त्यांच्या वडिलांनी हेच शिकवलं असणार. आम्ही सगळे मागच्या ब्रेकवर आयुष्य काढलेली माणसं. शंभर सीसीवर, चाळीसच्या वेगात, ते खपून जातं. पण ब्रेक लावल्यावर सगळं वजन पुढे येतं, पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि मागचा हलका होतो. त्यामुळे गाडी थांबवण्याचं बरंचसं काम पुढचंच चाक करतं. मागचा ब्रेक एकटा दाबला की एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीचं चाक जाम होऊन फरफटतं. एबीएस असलेली गाडी फरफटत नाही, पण लवकर थांबतही नाही.

गेल्या फेब्रुवारीत चांदवडहून येत होतो. द्राक्षांचा सीझन, पिंपळगावच्या अलीकडे सर्व्हिस रोडवरून एक ट्रॅक्टर रिकामी ट्रॉली घेऊन सरळ हायवेवर आला. इंडिकेटर वगैरे तर नाहीच, त्याने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. मी मनाने सत्तरला होतो. काट्याकडे पाहिलं तर शंभर. मोठ्या गाडीचं हेच वाईट आहे, ती ओरडत नाही. शंभर सीसीची गाडी ऐंशीला एवढी थरथरते की आपणच घाबरून रेस सोडतो. हिला शंभर म्हणजे दुपारची डुलकी.

शंभरच्या वेगाला एका सेकंदात गाडी २८ मीटर जाते. म्हणजे मेंदूला कळेपर्यंत आणि बोटं लिव्हरवर येईपर्यंत तेवढे गेलेच. त्यापुढे ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. साठला जेवढं लागतं त्याच्या पावणेतीन पट शंभरला. हे गणित मी नंतर घरी बसून केलं. त्या क्षणी फक्त दोन बोटं पुढच्या ब्रेकवर गेली. आधी हळू, मग घट्ट. बोटांखाली टकटक टकटक झालं, तो एबीएस. ट्रॉलीच्या मागच्या फळकुटावरचे खिळे मोजता येतील इतक्या अंतरावर थांबलो. ट्रॅक्टरवाला निघूनही गेला होता.

ती बोटं आपोआप गेली नव्हती. टपरीसमोर पडल्यावर मी दोन महिने दर रविवारी सकाळी सातला एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर जाऊन ब्रेक मारायचो. तीसला, मग चाळीसला, मग साठला. खडूने रेघ काढून. वॉचमनला वाटायचं, हा माणूस घरून भांडून आलेला आहे.

आणि आपलं लायसन्स बघा. आरटीओत मी आठचा आकडा काढला तो मित्राच्या जुन्या शंभर सीसीवर. त्याच लायसन्सवर मी उद्या हजार सीसीची घेतली तरी मला कोणी अडवणार नाही. युरोपात याला पायऱ्या आहेत. मधल्या पायरीची, ए-२ लायसन्सची मर्यादा ३५ किलोवॅट, म्हणजे बरोबर माझ्या गाडीएवढी. त्यावर दोन वर्षं काढल्यावर आणि पुढची परीक्षा दिल्यावर पूर्ण लायसन्स. जी गाडी घेऊन मी गल्लीत छाती काढून फिरतो ती तिकडे शिकाऊंच्या पंक्तीतली आहे. हे कळल्यावर मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पैशाचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्यांना ४० टक्के झालाय. आधी मोठ्यांना सेस धरून ३१ होता. तेव्हा भाच्या, तुला खरंच साडेतीनशेच्या वरची हवी आहे का, हे आधी ठरव. वर महाराष्ट्रात २९९ सीसीच्या पुढे १२ टक्के रोड टॅक्स. विम्यात नव्या गाडीला थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा) पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. माझ्या वेळी ३५० सीसीवरच्या गाडीला त्याचेच १५,११७ रुपये होते, बाकीचा विमा वेगळा. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते. मला तिथे ३१ हजार सांगितले होते, बाहेरून तेवढंच कव्हर २४ हजारांत मिळालं. कोटेशनमध्ये "हँडलिंग" म्हणून एक आकडा होता. त्याची वेगळी पावती मागितली तर सेल्समन हसला. मी पण हसलो आणि बसून राहिलो. चहा आला, चहा संपला, आकडा गेला. हेल्मेट तर गाडीबरोबर द्यायचं असा मोटार वाहन नियमांत नियमच आहे, तरी ते ॲक्सेसरीजमध्ये धरलेलं असतं. दसऱ्याला गाडी हवी असेल तर आठ-दहा दिवस आधी पैसे भरा. पासिंग होऊन नंबर प्लेट लागल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका, मुहूर्त चुकला तरी चालेल.

घेतल्यावर पाचशे किलोमीटर ती "रनिंग"मध्ये असते, म्हणजे इंजिन अजून जुळून येत असतं. खूप रेस द्यायची नाही, एकाच वेगाने तासभर ताणायची नाही, आणि मित्राला "जरा एक राउंड" द्यायची नाही. टायर कोरे, गुळगुळीत असतात, ब्रेक पॅड बसलेले नसतात, आणि चालवणारा तर सगळ्यात कच्चा. पहिल्या सर्व्हिसिंगला काढलेलं ऑइल मी मुद्दाम ट्रेमध्ये पाहिलं. उन्हात धरलं तर मिठाईवरचा वर्ख विरघळल्यासारखं चमकत होतं. इंजिनाचे भाग एकमेकांशी जुळवून घेताना जे झिजतं ते हे. म्हणून ते ऑइल लवकर बदलतात. त्यात काटकसर नको.

शहरात ती तापणार. हवेवर थंड होणारं इंजिन आहे, आणि नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नलमध्ये अडकल्यावर हवा कुठून येणार? त्यात कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ते खोदलेले. एप्रिलमध्ये उजव्या पोटरीला इस्त्री फिरवल्यासारखं होतं. रोज कामाला मी अजूनही जुन्या शंभर सीसीवरच जातो. "मग एवढी घेतली कशाला" हे आई महिन्यातून एकदा विचारते. बायको तीन वेळा मागे बसली, चौथ्यांदा वणीला जाताना म्हणाली, "तू ये गाडीवर, मी एसटीने येते."

चेन उघडी असते, हेही सांगून ठेवतो. जुन्या गाडीची चेन कव्हरमध्ये असायची, वर्षभर विसरलं तरी चालायचं. हिची दर पाचशे किलोमीटरला केरोसीन आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करून ल्युब मारायची. आमच्या घरात हल्ली ब्रश जुना व्हायची वाट मी एकटा बघत असतो.

वेगाच्या स्वप्नांबद्दल. एका मित्राने समृद्धीवरून सहा तासांत नागपूर गाठायचं म्हणून गाडी बुक केली होती. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, मित्रा. ७०१ किलोमीटरचा तो गुळगुळीत रस्ता आपण इगतपुरीच्या पुलावरून फक्त बघायचा. आणि चारपदरी हायवेवर दुचाकीला मर्यादा ऐंशी. एवढं समाधान, की टोल नाही. घोटीला कारवाल्यांकडे बघत डाव्या कडेने निघून जायचं.

मग उरतं काय, तर घाट. कसारा घाटात ट्रकच्या मागे गिअर न बदलता चढताना, किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाताना वळणातून बाहेर पडल्यावर हलकीशी रेस देताना जे वाटतं, ते या सगळ्या खर्चाचं खरं कारण आहे. ते लिहून सांगता येत नाही म्हणून सोडतो. फक्त एक गोष्ट. वळणात कठड्याकडे बघितलं की गाडी कठड्याकडेच जाते. नजर जिथे, गाडी तिथे. मान वळवून रस्ता जिथे संपताना दिसतो तिकडे बघायचं. मी गडाच्या तिसऱ्या फेरीला हे शिकलो, पहिल्या दोन फेऱ्यांत देवीनेच बघितलं म्हणायचं.

सायलेन्सर बदलू नकोस. फटाके वाजवत कॉलेज रोडला फिरणाऱ्यांबद्दल माझं मत इथे लिहिता येण्यासारखं नाही.

आणि बुकिंगच्या आधी बजेटमधले वीस-पंचवीस हजार बाजूला काढ. चांगलं हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज आणि घोट्याच्या वर येणारे बूट. पडताना माणूस आधी हात टेकवतो, आणि गाडी आधी घोट्यावर पडते. माझ्या डाव्या घोट्यावर त्या टपरीची खूण अजून आहे, कारण त्या दिवशी पायात चप्पल होती. भाच्याला हे मी फोनवर दोनदा सांगितलं. म्हटलं, रविवारी सकाळी सातला एमआयडीसीत ये, माझ्या गाडीवर आधी ब्रेक शिकवतो, मग तुझं बुकिंग.

आला. सातला पाच मिनिटं कमी असताना आला, नवं कोरं हेल्मेट काखेत घेऊन. पायात फ्लोटर्स.

त्याला गाडी बंद ठेवून पार्किंगमधून गेटपर्यंत तीनदा ढकलायला लावली आणि चहा पाजून परत पाठवलं. पुढच्या रविवारी बूट घालून येणार आहे.