पुस्तकाची भिशी

आमच्या गल्लीत तीन भिश्या चालतात. एक पैशाची, एक साड्यांची आणि एक पुस्तकाची. पहिल्या दोन ज्याला लागतात तो पेढे वाटतो. तिसरी ज्याला लागते त्याच्या घरात त्या रात्री भांडण होतं. ही तिसरी सुरू करणारा मी.

अंबाजोगाईत राहायचं म्हणजे वाङ्मयाचं जरा दडपण असतंच. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी इथं. सव्वा लाख ओव्यांचा 'गीतार्णव' लिहिणारे दासोपंत इथले. त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागायची म्हणतात, आणि कागद कमी पडला म्हणून की काय, त्यांनी चक्क कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहिला. अशा गावातल्या आमच्या गल्लीत वर्षभरात सगळ्यात बारकाईनं वाचलेला मजकूर कोणता, तर लाईटबिल. मला हे खुपायचं. म्हणून मी बारा घरं गोळा केली. महिन्यातून एकदा, रविवारी पाचला, पाळीपाळीनं एकेकाच्या घरी जमायचं, पुस्तकावर बोलायचं. डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, शेजारचं लेकरू एक उचलणार, ज्याचं नाव निघेल त्याच्याकडं पुढची बैठक. खायला काही करायचं नाही, फक्त चहा, असा ठराव मी स्वतः वहीत लिहिला. त्या पानावर आता भज्याचा डाग आहे.

घरटी पन्नास रुपये काढले. सहाशे जमले. कादंबरी सवलतीत सहाशेला मिळाली आणि पानंही बरोबर सहाशे. आता एक पुस्तक आणि बारा घरं, हे कसं बसवायचं? बँकेतून रिटायर झालेल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "माणशी पन्नास रुपये, माणशी पन्नास पानं. बाइंडरकडं द्या."

दासोपंतांनी पासोडी अखंड ठेवली. आम्ही कादंबरीचे बारा तुकडे केले. प्रत्येकाला जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलं, त्यामुळं चौथा भाग एप्रिल आणि नववा सप्टेंबर असा दिसू लागला. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घराला पहिला भाग, शेवटच्या घराला बारावा. महिना झाला की ज्यानं त्यानं आपला भाग पुढच्या घरी सरकवायचा, शेवटच्यानं पहिल्याला. वर्षात प्रत्येकाची कादंबरी पूर्ण! काकांनी तक्ता करून सगळ्यांना वाटला. हिशेब चोख होता, फक्त दिशा चुकली होती. भाग पुढं सरकू लागले आणि माणसं मागं वाचू लागली. आमचं घर गल्लीत शेवटचं. आम्हाला आधी बारावा भाग आला, मग अकरावा, मग दहावा. वाचायला सुरुवात केली तेव्हा वाडा पडलेला होता. दर महिन्याला त्याची एक-एक भिंत उभी राहत होती.

पहिल्याच बैठकीत पाच नंबरच्या ताईंनी नायकाच्या लग्नाचं वर्णन लावलं. मांडव, रुखवत, सगळं. नऊ नंबरचे आप्पा अस्वस्थ होत गेले. शेवटी म्हणाले, "काय बोलायलाव ताई? चारशे बारा पानावर मेला की तो! मी स्वतः तेराव्याच्या जेवणापर्यंत वाचलंय."

ताई म्हणाल्या, "माझ्या पन्नास पानांत तर चांगला धडधाकट हाय. आत्ताच हळद लागली त्याला."

दोघं अजून एकमेकांशी नीट बोलत नाहीत. आप्पा तिच्याकडं त्या दिवसापासून, विधवा होणार हे ठाऊक असलेल्या नवरीकडं बघावं, तसं बघतात.

वेळेबद्दल न बोललेलं बरं. मुहूर्त टळणं ही आमच्या गावातली जुनीच गोष्ट. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलेली योगेश्वरी मुहूर्त टळला म्हणून इथंच राहिली आणि वऱ्हाडाचे दगड झाले, अशी कथा लहानपणापासून ऐकतो. आमचे सभासद पाचच्या बैठकीला साडेसहाला येतात. दगड कोणी होत नाही, उलट "झालं का चहाचं?" असं विचारतं.

खरा घोळ चहाचाच झाला. ऑगस्टात पहिल्या घरी नुसता चहा होता, ठरावाप्रमाणं. सप्टेंबरच्या यजमानीणबाईंना नुसता चहा देणं बरं दिसेना, त्यांनी चिवडा ठेवला. ऑक्टोबरात सुशीला आली. (बाहेरगावच्यांसाठी: सुशीला ही बाई नाही. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी, वर शेंगदाण्याचा कूट. आमच्याकडं पाहुणा उंबऱ्यात दिसला की मुरमुरे भिजतात.) नोव्हेंबरात सुशीलाबरोबर मिरचीची भजी. डिसेंबरात धपाटे, दही, ठेचा आणि वर खीर. त्या दिवशी पुस्तकाला मिळाली शेवटची अकरा मिनिटं, त्यातली चार ढेकरांत गेली. चिठ्ठी निघायची वेळ आली की बायामाणसं देवाचं नाव घ्यायला लागली. चिठ्ठीची घडी कशी घातली म्हणजे लेकराच्या हाताला लागत नाही, यावर गल्लीत जेवढा विचार झाला, तेवढा कादंबरीवर झाला नाही.

त्यातनंच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आपल्या घरी बैठक म्हटली की त्या घरची बाई आपला भाग हमखास वाचून काढायची, चारचौघांत हसं नको म्हणून. आणि बैठकीच्या दिवशी ती असायची कढईपाशी. म्हणजे बैठकीत ज्या एका माणसानं पुस्तक वाचलेलं, ते माणूस आत, आणि न वाचलेली अकरा घरं बाहेर चर्चा करणार. मधूनच तेलाच्या चरचरीवरून आवाज यायचा, "पळून नाही गेली ती! हाकलली तिला!" बाहेर क्षणभर शांतता. मग कोणीतरी म्हणायचं, "वहिनी, आजून चार भजी."

जानेवारीत बैठक शेतावर. हुरडा होता. आगटी पेटेना, गोवऱ्या जरा ओलसर होत्या. वारा घालायला काहीतरी हवं म्हणून कोणीतरी हाताला आलेलं एप्रिल महिन्याचं कव्हर उचललं. कोणी, ते आजतागायत कळलेलं नाही. चौथा भाग सापडला तेव्हा त्याला खमंग वास येत होता आणि १८७ ते १९० ही पानं नव्हती.

काकांनी तिथंच तक्ता उघडला. चौथा भाग तोवर सहा घरांतून फिरून आलेला. सहाही घरांना विचारलं, त्या चार पानांत होतं काय? एक म्हणाले, जमिनीची वाटणी. दुसरे म्हणाले, यात्रा. तिसऱ्या काकूंना फक्त पाऊस आठवत होता. आप्पा म्हणाले, "काही असू द्या, शेवटी मेलाच की तो." हुरड्यावरची शेव संपली तरी वाद संपला नाही. नवी प्रत बघून घेऊ म्हणालो तर सगळे माझ्यावरच उखडले. खर्च कोणी करायचा, आणि मजा काय राहिली मग?

फेब्रुवारीची चिठ्ठी माझी निघाली.

बायको शांतपणे म्हणाली, "पुस्तक तुमचं आन भजी माझी, हे कामून? मी बैठकीत बसणार. तुम्ही आत."

त्या रविवारी मी आत होतो. मुरमुरे भिजवणं सोपं वाटतं. एक मिनिट जास्त झालं की लगदा होतो. मिरचीचे देठ काढताना डोळ्याला हात लागला. त्या अवस्थेत बाहेर १८७ वर गाडी आलेली ऐकू आली आणि पाठोपाठ बायकोचा आवाज. ती सांगत होती की त्या चार पानांत थोरल्या जावेनं सासूची पेटी विहिरीत टाकली. नायकानं ते पाहिलं. बोलला नाही. म्हणून तर पुढं तो भावाच्या घरचा चहा कधी घेत नाही, म्हणून विहीर बुजवायची म्हटल्यावर जाऊ आजारी पडते, म्हणून मरताना तो पाणी मागत नाही. वीस मिनिटं ती बोलली. कोणी "चहा?" म्हटलं नाही. आप्पांनी डोळे पुसल्याचं मला दारातून दिसलं, आणि त्यांनी तर मिरच्या चिरलेल्या नव्हत्या. माझा पहिला घाणा करपला.

जाताना पाच नंबरच्या ताई तिचा हात धरून म्हणाल्या, "आत्ता समजलं बघा सगळं."

रात्री भांडी घासून झाल्यावर (तीही मीच) मी नोंदीला वही काढली आणि तक्ता नजरेला पडला. आमच्याकडं तोवर बारापासून सहापर्यंतचे भाग आलेले. चौथा यायला अजून दोन महिने होते.

"तू ती पानं वाचलीस कधी?"

"कोणती?"

"एकशे सत्याऐंशी ते नव्वद."

तिनं दिवा मालवला. "मग काय झालं? जळालेल्या पानांवर कोणाचा सातबारा हाय का?"

मी अंधारात पडून राहिलो. बऱ्याच वेळानं तिकडून आवाज आला.

"आन सुशीलात मीठ कमी होतं तुमच्या."