ही सवलत कुणाच्या खिशातून?

परवा शनिवारी दादरच्या एका पुस्तकाच्या दुकानात लेखकाने माझ्या भाचीच्या हातातलं पुस्तक सहीसाठी घेतलं, पहिलं पान उघडलं आणि सही करायच्या आधी ते पान अंगठ्याने जरासं चोळून पाहिलं. मी शेजारीच उभी होते. पोटात गोळा आला. त्या कागदाचा पातळपणा मलाही तेव्हाच दिसला. मागची अक्षरं पुढे उमटलेली, मुखपृष्ठावरचा निळा रंग जांभळट झालेला. टेबलावर त्याच पुस्तकाच्या खऱ्या प्रतींची चळत होती, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुस्तक डुप्लिकेट होतं. तिच्या वाढदिवसाला मीच फुटपाथवरून दीडशे रुपयांना आणलं होतं.

लेखक काही बोलले नाहीत. तिचं नाव विचारलं, वळणदार अक्षरात लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि "पूर्ण वाचलंस?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "हो. मधली सोळा पानं नव्हती, ती मैत्रिणीच्या पुस्तकातून वाचली."

बाहेर गल्लीत आल्यावर नववीतल्या त्या पोरीने विचारलं, "आत्या, आपण दीडशे दिले, त्यातले त्यांना किती मिळाले?" म्हटलं, काही नाही. "आणि या दुकानाला?" काही नाही. "मग कुणाला मिळाले?" त्याचं उत्तर मला देता आलं नाही. तेव्हापासून ते डोक्यात आहे, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

माझी नोकरी परळला, घर भांडुपला. वाटेत दादरला उतरायची मला काहीच गरज नसते, पण आठवड्यातून दोनदा तरी उतरते, पूल ओलांडून फुलबाजाराच्या गर्दीतून पश्चिमेला जाते, ते या दुकानासाठी. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मला एका दुकानाची जाहिरात करायची नाही. असं एखादं दुकान तुमच्याही स्टेशनजवळ असेल. हे दुकान ज्या ताई चालवतात त्यांच्या वडिलांच्या काळात इथे मुख्यतः शाळेची पुस्तकं आणि वह्या मिळायच्या. अजूनही जूनमधल्या त्या विक्रीवर बाकीचं वर्ष निघतं, असं ताई सांगतात. पण गेल्या दिवाळीपासून त्यांनी तीन नव्या गोष्टी सुरू केल्या आहेत आणि तिन्ही मला फार महत्त्वाच्या वाटतात.

पहिली म्हणजे शनिवारच्या गप्पा. महिन्यातून दोनदा, संध्याकाळी सहाला. मधलं टेबल भिंतीला लावतात, पंचवीस घडीच्या खुर्च्या मांडतात, उरलेले लोक कपाटांना टेकून उभे राहतात. व्यासपीठ नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, शाल-श्रीफळ नाही. लेखक एका स्टुलावर बसतो आणि स्वतःच्या पुस्तकातली पंधरा-वीस मिनिटं वाचतो. मग प्रश्न. आजवर मी हॉलमधले कितीतरी प्रकाशन समारंभ पाहिले आहेत. तिथे तीन भाषणं पुस्तकाविषयी होतात आणि पुस्तकातलं एक वाक्यही कानावर पडत नाही. विक्रीचं टेबल दाराबाहेर चहाच्या शेजारी असतं. इथे एका शनिवारी अनुवादक आल्या होत्या. एका शब्दासाठी मराठीत त्यांनी कोणते पाच पर्याय करून पाहिले आणि पाचही का टाकले, हे त्यांनी वही उघडून दाखवलं. मागे उभ्या असलेल्या एका आजींनी सहावा शब्द सुचवला आणि बाईंनी तो तिथल्या तिथे वहीत लिहून घेतला. हे मोठ्या सभागृहात होणार नाही. त्याला एवढीच लहान जागा लागते.

या संध्याकाळींसाठी ताई प्रकाशकाकडून तीस-चाळीस प्रती मागवतात. न खपलेल्या परत पाठवायच्या, पण नेण्या-आणण्याचा खर्च दुकानाचा. त्या दिवशी सवलत नसते. छापील किमतीला पुस्तक. सुरुवातीला लोक कुरकुरले. ऑनलाइन वीस-पंचवीस टक्के कमीत मिळतं, असं एका गृहस्थांनी फोनवर किंमत दाखवून सांगितलं. ताईंनी न चिडता हिशेब मांडला. तीनशे रुपयांच्या पुस्तकात त्यांना शंभराच्या आतबाहेर सुटतात. लेखकाचं मानधन साधारण दहा टक्के, म्हणजे तीस रुपये. उरलेल्यात प्रकाशक, कागद, छपाई, वाहतूक. त्यांच्या शंभरातून जागेचं भाडं, वीजबिल आणि मदतीला असलेल्या मुलाचा पगार. वीस टक्के सवलत म्हणजे साठ रुपये, ते त्या शंभरातूनच जाणार. "चाळीसमध्ये हा पंखापण फिरणार नाही," ताई म्हणाल्या. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे हे आपण ऐकून असतो, पण कागदावर तो आहे, आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळेच प्रकाशकाला कागदावर भरलेला कर वळता करून घेता येत नाही. तो शेवटी किमतीत येतो.

म्हणजे मी सवलतीच्या विरोधात आहे का? मुळीच नाही. मी वाचक झाले तीच सवलतीमुळे. कॉलेजात असताना पुस्तकांसाठी महिन्याला पन्नास रुपये मिळायचे, तेव्हा फोर्टमधल्या स्ट्रँड बुक स्टॉलमध्ये कुणाच्याही ओळखीशिवाय वीस टक्के कमी व्हायचे. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात एका छोट्या स्टॉलपासून ते सुरू केलं होतं. चर्चगेटजवळच्या सुंदराबाई हॉलमध्ये त्यांचं वार्षिक प्रदर्शन लागायचं तेव्हा मी सकाळचा डबा टाळून पैसे वाचवायचे. ती सवलत मालक स्वतःच्या नफ्यातून द्यायचा आणि त्या बदल्यात माणसं आयुष्यभर त्याच दुकानात यायची. फेब्रुवारी २०१८ मध्ये स्ट्रँड बंद झालं तेव्हा फोर्टात माझं कुणी राहिलं नाही असं वाटलं. आपल्याकडची प्रकाशनपूर्व सवलतही मला अशीच आवडते. वाचक आधी पैसे भरतो, प्रकाशकाला कागद घ्यायला भांडवल मिळतं आणि वाचकाला पुस्तक कमी किमतीत. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं की हे पैसे कुठून आले.

माझा आक्षेप आहे तो नवं कोरं पुस्तक बाजारात येतं त्याच आठवड्यात पडणाऱ्या किमतीला. मोठी कंपनी शंभर वस्तूंवर कमावते आणि पुस्तकावर सोडून देते. पुस्तकाशिवाय दुसरं काही न विकणारा त्यात मरतो. फ्रान्समध्ये १९८१ साली याच गोष्टीवर कायदा झाला. नव्या पुस्तकावर कुणालाही, लहान असो की मोठा, पाच टक्क्यांहून जास्त सवलत देता येत नाही. त्या कायद्यातला मला सर्वांत आवडलेला भाग मात्र पुढचा आहे. पुस्तक येऊन दोन वर्षं झाली आणि दुकानाने त्याची शेवटची खरेदी करून सहा महिने उलटले, की दुकानदार ते हव्या त्या किमतीला विकू शकतो. म्हणजे स्वस्ताईला तिथे जागा आहे, फक्त ती पुस्तकाच्या पहिल्या दिवशी नाही. आपल्याकडे असा कायदा यावा असं मला मनापासून वाटतं. तो येत नाही तोवर आपण स्वतःपुरतं पाळू शकतो. नवं पुस्तक पूर्ण किमतीला आणि दुकानातून, जुनं जितकं स्वस्त मिळेल तितकं.

ताईंची दुसरी नवी गोष्ट हीच आहे. दारापाशी एक फळी, 'शंभरच्या आत'. प्रकाशकांच्या गोदामात पडून असलेल्या जुन्या आवृत्त्या, कोपरे दुमडलेल्या प्रती, परदेशातून शिलकी म्हणून आलेली इंग्रजी पुस्तकं. त्या इंग्रजी पुस्तकांच्या पानांच्या कडेवर काळ्या शाईची एक रेघ असते. ती पाहून पुस्तक खोटं आहे असं समजू नका. शिलकीत काढलेली प्रत पूर्ण किमतीला परत येऊ नये म्हणून तिकडे ती खूण करतात. मराठी पुस्तकाची आवृत्ती पूर्वी अकराशे प्रतींची निघायची आणि ती संपायला कधी कधी वर्षं लागायची, त्यामुळे गोदामात फार चांगली पुस्तकं धूळ खात असतात. ताई ती एकेक चाळून आणतात. किलोवर विकल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या ढिगात आणि या फळीत हाच फरक आहे. इथल्या प्रत्येक पुस्तकाला कुणीतरी हो म्हटलेलं आहे. जानेवारीत याच फळीवर दिवाळी अंक निम्म्या किमतीत आले. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा, आणि दिवाळीनंतर महिन्याभरात आपण तिला शिळी समजतो. कथा काय फराळ आहे का मऊ पडायला? मी पाच अंकांचा संच घेतला, अजून वाचते आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जवळची. जुनी पुस्तकं. मुंबईत गल्लीगल्लीत रिडेव्हलपमेंट चालू आहे. इमारत रिकामी करायची नोटीस येते, तीन वर्षं भाड्याच्या लहान घरात काढायची असतात, आणि सर्वांत आधी घराबाहेर जातं ते पुस्तकांचं कपाट. रद्दीवाला किलोने नेतो. ताईंनी आसपासच्या सोसायट्यांमध्ये कागद लावला की रद्दीवाल्याच्या आधी आम्हाला बोलवा. त्या स्वतः जातात, जमिनीवर बसून पुस्तकं बघतात, ठेवण्याजोगी निवडतात आणि रद्दीपेक्षा जास्त पैसे देतात. दुकानाच्या मागच्या भिंतीवर आता अशी दोन कपाटं आहेत. मी तिथून एक कवितासंग्रह साठ रुपयांना आणला. आत शाईने लिहिलंय, 'रुईया, १९७१', आणि खाली फक्त एक आद्याक्षर. चाळिसाव्या पानावर बेस्टचं तिकीट खूण म्हणून ठेवलेलं आहे आणि त्याच पानावर एका ओळीखाली पेन्सिलने फिकट रेघ आहे. ते तिकीट मी होतं तिथेच ठेवलंय. या साठ रुपयांतलंही लेखकाला काही मिळत नाही, हे मला माहीत आहे, आणि भाचीनेही लगेच तेच विचारलं. मी तिला सांगितलं की या प्रतीचे पैसे लेखकाला एकदा मिळालेले आहेत, १९७१ साली. तुझ्या प्रतीचे कधीच मिळालेले नाहीत. तिला पटलं.

मराठी माणूस पुस्तकं विकत घेत नाही, हे वाक्य ऐकलं की मला शिवाजी पार्क आठवतं. दर वर्षी ६ डिसेंबरला मी तिथे जाते. महापरिनिर्वाण दिनाला चैत्यभूमीवर महाराष्ट्रभरातून आणि बाहेरून माणसं येतात, मैदानावर पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि तिथे जशी पुस्तकं विकली जातात तशी या शहरात वर्षभर दुसरीकडे कुठे विकली जाताना मी पाहिलेली नाहीत. साहजिकच आहे. ज्यांच्यासाठी ही माणसं येतात त्या डॉ. बाबासाहेबांनी हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं तेच आपल्या ग्रंथांना जागा हवी म्हणून. मागच्या वर्षी एक बाई माझ्याशेजारी उभी होती. पायात स्लीपर, डोक्यावर पदर, पिशवीत भाकरीचं गाठोडं. तिने दहा-वीस रुपयांच्या पाच पुस्तिका घेतल्या आणि मग एक जाड पुस्तक हातात घेऊन किंमत विचारली. चारशे. तिने कमी कराल का असं विचारलं नाही. कमरेची पिशवी सोडली, नोटा मोजल्या आणि पुस्तक डोक्याला लावून घेतलं. तिच्या गावात, तालुक्याला तरी, पुस्तकाचं दुकान असेल का, हा विचार तेव्हापासून पाठ सोडत नाही. आपल्याला पुलाच्या पलीकडे दुकान आहे आणि आपण फोनवर किंमत ताडून बघतो.

त्यानंतर भाचीने मला न विचारता स्वतःच्या पैशांनी त्या पुस्तकाची खरी प्रत घेतली. पूर्ण किमतीला. सही असलेली जुनी प्रत तिने टाकलेली नाही. नव्या प्रतीतल्या त्या सोळा पानांची झेरॉक्स काढून जुन्यात नीट चिकटवली आहे.

आता एक काम. आमच्या भांडुपच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. जूनमध्ये इमारत रिकामी होणार, त्यांची नऊशेच्या आसपास पुस्तकं आहेत आणि मुलाकडे जागा नाही. ताई येऊन बघून गेल्या, निम्म्याहून जास्त घेतायत. उरलेल्यांतली बालवाङ्मयाची मी आमच्या गल्लीतल्या अभ्यासिकेला देणार आहे. रविवारी सकाळी दहाला टेम्पो येईल. लिफ्ट बंद आहे, त्यामुळे चार मजले पोती हातानेच उतरवायची आहेत. मी, भाची आणि दुकानातला मुलगा असे तिघं आहोत, अजून दोघं हवेत. सेंट्रल लाइनवरचं कुणी मोकळं असेल तर खाली लिहा. नाश्त्याला पोहे सर बनवणार आहेत, आणि उतरवताना जे पुस्तक आवडेल ते ठेवून घ्या असं त्यांनी स्वतःच सांगितलंय.