खुलासा: फ्रीबोअर म्हणजे अख्खा थ्रोट नव्हे

रायफलच्या नळीत काडतूस बसतं ती पोकळी म्हणजे चेंबर, आणि ती कोरायचं हत्यार म्हणजे रीमर. चेंबरच्या पुढे, नळीतले पिळदार उंचवटे (रायफलिंग) पूर्ण उंचीला येईपर्यंतचा भाग म्हणजे थ्रोट. ‘रीमरच्या ड्रॉइंगवर फ्रीबोअरचा जो आकडा असतो, तीच थ्रोटची लांबी आणि गोळी तेवढंच अंतर उडी मारून रायफलिंगला भिडते,’ असं सध्या छातीठोकपणे सांगितलं जातंय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

थ्रोटचे भाग दोन. फ्रीबोअर हा सरळ, नळीसारखा भाग. त्यात रायफलिंग नसतं. त्यापुढे निमुळता उतार, म्हणजे लीड. तिथे रायफलिंग हळूहळू उंची घेतं.

६.५ क्रीडमूर या रायफल काडतुसाचं प्रमाणित चेंबरच घ्या. फ्रीबोअर ०.१९९ इंच लांब, व्यास ०.२६४५ इंच, उतार दीड अंशाचा. बोअर, म्हणजे समोरासमोरच्या उंचवट्यांमधला नळीचा व्यास, ०.२५६ इंच. म्हणजे प्रत्येक बाजूला ०.००४२५ इंच उतरायचंय, आणि दीड अंशात त्याला सुमारे ०.१६ इंच लागतात. एवढी लांबी त्या ०.१९९ मध्ये धरलेलीच नाही! कोन तीन अंश केला तर ती निम्म्यावर येते, फ्रीबोअर मात्र तेवढाच राहतो. म्हणून कोन वाचल्याशिवाय ड्रॉइंग वाचलं असं म्हणूच नये. तो एका बाजूचा दिलाय की दोन्ही बाजूंचा मिळून, हेही बघा.

उडीचं अंतर तर ड्रॉइंगवर नसतंच. ते गोळीच्या नाकाच्या आकारावर आणि ती काडतुसात किती खोल बसवलीय यावर ठरतं.