आमण्याचं स्टेडियम आणि आमचं आर्लिंग्टन

मुंबई क्रिकेट असोसिएशनने भिवंडीजवळच्या आमण्याला एक लाख प्रेक्षकांचं स्टेडियम बांधायचा विचार मांडला, तेव्हापासून कल्याणचा माझा शाळूसोबती मला फोटो पाठवतोय. स्टेडियमचं अजून काहीच नाही, त्यामुळे फोटो आसपासच्या प्लॉटिंगचे. खाली ठरलेलं वाक्य: "आता आमच्याकडेही तुमच्यासारखं!"

'तुमच्यासारखं' म्हणजे डॅलसजवळच्या आर्लिंग्टनचं एटी अँड टी स्टेडियम. काउबॉयज या अमेरिकन फुटबॉल संघाचं हे घर 2009 मध्ये उघडलं. छताखाली एवढा अवाढव्य पडदा टांगलाय, की पहिल्याच सराव सामन्यात एकाने उंच मारलेला चेंडू त्यावर आदळला. 2011 च्या सुपर बोलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या वार्षिक अंतिम सामन्याला, इथे एक लाखाहून अधिक लोक होते. त्याच सामन्यात तात्पुरत्या बसवलेल्या खुर्च्यांचं काम वेळेत संपलं नाही आणि तिकिटं हातात असलेल्या सुमारे 400 जणांना जागाच मिळाली नाही. असं वानखेडेवर झालं असतं, तर 'आपल्याकडे हे असंच' म्हणायला आपण मोकळे!

मी राहतो शेजारच्या अर्व्हिंगमध्ये. काउबॉयज आधी आमच्याकडे होते, 1971 पासून. ते आर्लिंग्टनला गेले आणि एप्रिल 2010 मध्ये आमचं स्टेडियम सुरुंग लावून पाडलं. पहाटे उठून गर्दीत उभं राहून मीही ते पाहिलं. पुढे कित्येक वर्षं त्या जागेवर रस्तेबांधणीची यंत्रं उभी होती. 'स्टेडियम आलं की गावाचं कल्याण' असं कुणी म्हणालं की मला ती यंत्रं आठवतात.

हेवा वाटावा अशी गोष्ट मात्र आहे. आर्लिंग्टनने 2004 मध्ये मतदान घेतलं. विक्रीकर अर्धा टक्का वाढेल, हॉटेलवर आणि भाड्याच्या गाड्यांवर जादा कर बसेल, शहर जास्तीत जास्त साडेबत्तीस कोटी डॉलर देईल; हवंय का? लोक 'हो' म्हणाले. ज्यांची घरं त्या जागेवर होती त्यांना ती सोडावी लागली, तेव्हा सगळं गोड झालं असं नाही. पण कुणाच्या खिशातून किती जाणार, हा आकडा मतपत्रिकेआधी लोकांपुढे होता. आपल्याकडे आयपीएलच्या पोलीस बंदोबस्ताचं शुल्क किती आणि थकबाकी माफ का, हे कळायला कोर्टाची पायरी चढावी लागते.

याच आर्लिंग्टनच्या मतदारांनी सार्वजनिक वाहतुकीचे प्रस्ताव मात्र आधी एकाहून अधिक वेळा फेटाळले होते. सामन्याला जायचं तर गाडी काढायची. आम्ही एकदा स्वस्तातलं पार्किंग शोधत इतके लांब गेलो की पाऊण तास चाललो, आणि परतताना त्या वाहनतळातून बाहेर पडायला दीड तास लागला. तेव्हा चर्चगेटला उतरून दहा मिनिटांत वानखेडेत शिरणं किती मोठी चैन आहे ते कळलं. मित्राला हे पटत नाही. त्याला लोकलची गर्दी दिसते, मला लोकल दिसते.

खरं सांगू? या स्टेडियममधला मला आवडलेला सामना काउबॉयजचा नाहीच. डिसेंबरमध्ये टेक्सासच्या हायस्कूलांच्या फुटबॉलच्या अंतिम लढती इथे होतात. अगदी छोट्या गावांच्या शाळा सहा-सहा खेळाडूंचं फुटबॉल खेळतात, त्यांचीही फायनल इथेच. निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या, पण जे येतात ते अख्खं गाव घेऊन येतात. आजी-आजोबा, बँडवाली मुलं, मास्तर. एका बाजूला शाळेचे रंग अंगावर चढवलेले शेतकरी बसले होते आणि त्यांची पोरं त्या अवाढव्य पडद्यावर दिसत होती. माझा मुलगा तोंड उघडं टाकून बघत होता.

आमण्याबद्दल माझं मागणं एवढंच आहे. आयपीएल आणा, हरकत नाही. पण हॅरिस शील्डची, म्हणजे मुंबईच्या शालेय क्रिकेटची, फायनल तिथे होईल का? भिवंडी-शहापूरच्या शाळांना वर्षातून किती दिवस ते मैदान मिळेल, हे करारात आजच लिहा. बांधून झाल्यावर कोण लिहितो!

मित्राला हे सगळं टाईप करून पाठवायचा कंटाळा आला. एकच विचारलं, "मॅच रात्री साडेअकराला संपली, तर आमण्याहून कल्याणला येणार कसा?"

लगेच उत्तर आलं, "तोवर मेट्रो होईल रे."