एथिक्स कमिटीला घाबरून पेशंटचंच नुकसान होतं

मालवण-कुडाळकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. ‘मोठ्या हॉस्पिटलात एथिक्स कमिटी बोलावली की आशा संपली समजा. ते सही घेतात, व्हेंटिलेटर काढतात, अवयवही नेतात. डॉक्टर स्वतःला वाचवायलाच त्यांना आणतात.’ ज्यांचं माणूस गोव्यात बांबोळीला किंवा कोल्हापूरला आयसीयूत आहे, त्यांनी हे वाचून काय करावं? मला याचा राग येतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

एथिक्स कमिटी म्हणजे उपचारांबद्दल अवघड निर्णय घेताना सल्ला देणारा हॉस्पिटलातला गट. ही कमिटी व्हेंटिलेटर काढत नाही. ती फाईल वाचते, डॉक्टर-नर्स-घरचे यांच्याशी बोलते, पेशंट शुद्धीत असेल तर आधी त्याला विचारते आणि कोणता मार्ग रास्त ठरेल याचा सल्ला देते. तो सल्ला कुणावर बंधनकारक नसतो.

जीवरक्षक उपचार थांबवण्याची कायदेशीर वाट वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ती 2018 च्या ‘कॉमन कॉज’ निकालात आखली आणि जानेवारी 2023 मध्ये थोडी सोपी केली. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान 5 वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ आधी ठरवतात. मग दुसरं मंडळ तपासतं, त्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर असतो. घरच्यांची संमती लागते आणि अंमलबजावणीआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. एका सहीत हे होत नाही.

अवयवांचं तर याहून स्पष्ट आहे. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली चार डॉक्टर किमान 6 तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबलं आहे, हे ठरवतात, आणि त्यानंतरही नातेवाइकांची लेखी संमती लागते. व्हेंटिलेटरवर असणं म्हणजे मेंदूमृत्यू नव्हे.

आता ‘डॉक्टर स्वतःला वाचवतात’ याबद्दल. जिथे ही सल्ल्याची सेवा नीट चालते तिथे पेशंट, नातेवाईक, नर्स, कुणीही ती मागू शकतं. आणि आपल्याकडे तिची गरज कुठे पडते ते पाहा. आई वेंगुर्ल्याला, सांभाळणारी लेक तिच्याजवळ, मुलगे मुंबईला. आईने लेकीला कितीदा सांगितलेलं असतं की मला नळ्या लावून ठेवू नका. पण वेळ आली की फोनवरून थोरला म्हणतो, ‘सगळं करा’, आणि त्याच्यापुढे लेकीचं कुणी ऐकत नाही. अशा वेळी बाहेरचं कुणीतरी बसून ‘आईंना स्वतःला काय हवं होतं?’ एवढंच विचारतं, तेव्हा त्या लेकीचं म्हणणं पहिल्यांदा नोंदलं जातं. आईने दोन साक्षीदारांसमोर लिहून, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित करून ठेवलं असतं, तर वादच कमी झाला असता. तशी सोय आता कायद्याने आहे.

एक गोष्ट मात्र खरी. अशी सल्ला देणारी सोय आपल्याकडे मोजक्याच हॉस्पिटलांत आहे. पुष्कळ ठिकाणी पाटीवर दिसणारी ‘एथिक्स कमिटी’ औषधांच्या चाचण्या आणि संशोधन तपासण्यासाठी असते, तिचा तुमच्या पेशंटशी संबंध नसतो. म्हणून नेमकं विचारा: उपचारांच्या निर्णयावर सल्ला देणारं कुणी आहे का? नसेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे घरच्यांची एकत्र बैठक मागा, मुंबईकरांना व्हिडिओ कॉलवर घ्या आणि जे ठरेल ते केसपेपरवर लिहायला सांगा.