‘२२ गाण्यांवर बंदी’ या मेसेजबाबत खुलासा

एक मेसेज फिरतोय: १९७१ साली अमेरिकी सरकारने नशेचा उल्लेख असलेल्या २२ गाण्यांवर रेडिओबंदी घातली, ती आजही लागू आहे. २२ हा आकडा खरा, बंदी खोटी.

यादी मुळात तिथल्या लष्कराची. प्रसारणावर देखरेख करणाऱ्या एफसीसीच्या तक्रार विभागाने ती रेडिओ केंद्रांना कळवली आणि आठवड्याभरात एफसीसीनेच हात झटकले. काय वाजवता ते माहीत असू द्या, निवड तुमची, असं केंद्रांना सांगितलं. (परवाना ज्याच्या हातात, त्याचं एवढं सांगणंही धाकाचंच म्हणा.) हा घटनाक्रम एफसीसीच्या याच सूचनेविरुद्धच्या येल ब्रॉडकास्टिंग खटल्यात १९७३ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डग्लस यांनी नोंदवलेल्या भिन्नमतात वाचायला मिळतो.

निवड ज्याची त्याची, म्हणून सगळी धरसोड. ‘वन टोक ओव्हर द लाइन’मधला ‘टोक’ म्हणजे गांजाचा झुरका. काही केंद्रांनी ते गाणं बंद केलं. त्याच वर्षी लॉरेन्स वेल्क यांच्या सोज्वळ टीव्ही कार्यक्रमात एका जोडीने ते हसतमुखाने गायलं आणि वेल्कनी त्याला चक्क आधुनिक भक्तिगीत म्हटलं!

मेसेज पुढे ढकलू नका. ढकलला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.