‘चार किडन्या उपलब्ध’ हा मेसेज खोटा आहे

“अपघातात ब्रेनडेड झालेल्या नवरा-बायकोच्या चार किडन्या मोफत मिळतील, या नंबरवर फोन करा,” असा मेसेज नागपुरातल्या ग्रुपांवर फिरतो आहे. तो खोटा आहे. कृपया पुढे पाठवू नका.

अवयव असे फोनवर वाटले जात नाहीत. ब्रेनडेथ, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबणं, हे चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ठरवतं. नातेवाइकांनी संमती दिली की किडनी कोणाला, हे प्रतीक्षा यादीनुसार ठरतं. विदर्भासाठी ती यादी नागपूरचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र सांभाळतं आणि नोंदणी मान्यताप्राप्त रुग्णालयातूनच होते. शिवाय काढलेली किडनी साधारण दीड दिवसात बसवावी लागते. मग महिनोनमहिने फिरणाऱ्या मेसेजमधली किडनी कुठून येणार?

डायलिसिसवरच्या माणसाच्या घरी असा मेसेज पोचला की किती आशेने फोन लावला जातो, याचा विचार करा. पलीकडून कोणी ‘आधी पैसे पाठवा’ म्हणालं, तर थेट पोलिसांत जा. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार अवयव विकणं आणि विकत घेणं, दोन्ही गुन्हे आहेत. शिक्षा पाच ते दहा वर्षं कैद आणि किमान २० लाख दंड.

अवयवदान करायचं असेल तर नोंदणी जरूर करा, पण घरच्यांनाही सांगून ठेवा. शेवटी संमती त्यांनाच विचारतात.